पडद्याआडचा पंच

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण ह्याच दिवसाचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा असे आहे, हे आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शिवपार्वती सारीपाट मांडून बसली आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. म्हणून ह्या दिवशी घरोघर पट मांडून दोन डाव खेळावे, असा जुना रिवाज. तेव्हा दिवाळी अंकात कुणी खेळाविषयी लिहावयास घेतले, तर ते अप्रस्तुत आहे असे वाचकांनी समजू नये. मात्र मी जे लिहिणार आहे, ते गोडच लागेल असे आश्वासन मला देता येणार नाही. फराळाच्या ताटात लाडवाशेजारी तिखट शेवही असते. तिच्याच हक्काने हा लेख ह्या अंकात बसला आहे.

मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात, मुलांना बुद्धिबळ शिकवितो. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. पूर्वी एका शहाबादी फरशीवर खडूने चौसष्ट घरे काढून आमचा वर्ग भरत असे; आता मुलांच्या हाती मोबाइल आला आहे आणि पट त्या मोबाइलच्या काचेवर गेला आहे. ह्याबद्दल गळा काढणाऱ्यांपैकी मी नव्हे. आमच्या जिल्ह्यात अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत रेल्वे यावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. स्पर्धा खेळावयास पुण्यामुंबईला जाणे म्हणजे एस.टी.ची रात्र, उतरावयाची भ्रांत आणि प्रवेशशुल्काचा घोर. अशा ठिकाणच्या पोराला घरबसल्या नॉर्वेतल्या, ब्राझीलमधल्या खेळाडूशी डाव टाकता येतो, ही गोष्ट मला आजही अपूर्वाईची वाटते. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. माझी तक्रार त्या काचेमागे बसलेल्या पंचाविरुद्ध आहे. जो दिसत नाही, बोलत नाही, कारण सांगत नाही, आणि तरीही निकाल देतो.

ज्यांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ह्या संकेतस्थळांवर प्रत्येक खेळाडूचे एक खाते असते आणि त्या खात्यावर त्याचा दर्जा आकड्यात मांडलेला असतो. जिंकलात तर आकडा चढतो, हरलात तर उतरतो. आर्पाड एलो नावाच्या गणितज्ञ वृत्तीच्या प्राध्यापकाने ही पद्धत बसविली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० साली स्वीकारली. तो आकडा म्हणजे पोराची पुंजी. घड्याळ यंत्र चालविते, चाल नियमात आहे की नाही हे यंत्र पाहते, आणि खेळाडूने लबाडी केली की काय हेही बहुतांशी यंत्रच ठरविते. लबाडी केली असे ठरले, की खाते बंद. दोन ओळींचा निरोप येतो: आपण प्रामाणिक खेळाच्या नियमांचा भंग केला आहे. कोणत्या डावात, कोणत्या चालीला, कशावरून, ह्याचा त्यात पत्ता नसतो.

आता एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. लबाडी चालते, आणि भरपूर चालते. १९९७ साली डीप ब्लू ह्या संगणकाने कास्पारोवला हरविले, तेव्हा तो संगणक कपाटाएवढा होता. आज स्टॉकफिशसारखा, जगज्जेत्यालाही न आवरणारा संगणकीय खेळाडू कुणालाही मोबाइलवर फुकट मिळतो. एका फोनवर डाव, दुसऱ्या फोनवर स्टॉकफिश. एवढ्यावर कुणीही तासाभरासाठी आनंद होऊ शकतो. अशा चोरांना शासन झालेच पाहिजे. ते न झाले तर प्रामाणिक पोरांनी खेळावे कशाला? तेव्हा संकेतस्थळांनी पहारा ठेवू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच, की पहारेकऱ्यानेच न्यायाधीशही व्हावे, आणि न्यायाधीशाने निकालपत्र लिहू नये, ही रीत जगातल्या कोणत्या न्यायात बसते?

हा पहारा चालतो कसा, तेही पाहा. खेळाडूच्या चाली यंत्राच्या चालींशी किती जुळतात, सोप्या चालीला आणि अवघड चालीला तो सारखाच वेळ घेतो काय, डाव चालू असताना तो दुसऱ्या खिडकीत डोकावतो काय, त्याचा नेहमीचा वकूब आणि आजचा खेळ ह्यांत किती अंतर आहे, असा सगळा हिशेब मांडून शक्यता काढली जाते. शक्यता! पुरावा नव्हे. हे शास्त्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण कोणतेही शक्यतेचे शास्त्र कधी ना कधी चुकते. समजा, ते दहा हजारांत एकदाच चुकते. वाचकांना वाटेल, वा, ही तर अचूकताच झाली! पण एक कोटी लोक खेळत असले, तर दहा हजारांत एक म्हणजे एक हजार निरपराध माणसे झाली. ज्या हजारांवर कुऱ्हाड पडली, त्यांना उरलेल्यांची अचूकता सांगून काय समाधान होणार? यंत्र चुकते म्हणून ते मोडीत काढा असे नव्हे. यंत्र चुकते म्हणूनच अपिलाची खिडकी उघडी ठेवा, असा ह्याचा अर्थ आहे.

माझ्या वर्गातली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले कोयते गाडीत बसतात आणि घरांना कुलपे लागतात. मग कधी कोल्हापूरकडचा फड, कधी बेळगावकडचा. पोरगी त्यांच्याबरोबर जाते. कोपीत तिच्याजवळ पुस्तक असते ते माझे जुने, आरंभीच्या चालींचे, आणि बापाचा मोबाइल. त्या एका मोबाइलवर ती, तिचा भाऊ आणि चुलत्याची दोन पोरे, असे चौघे खेळत. एका हंगामात पोरीने आपला आकडा असा चढविला की मी मनातल्या मनात तिला राज्य स्पर्धेत पाहू लागलो. आणि एके दिवशी खाते बंद. वर सांगितला तोच दोन ओळींचा निरोप.

मी पत्र लिहिले. उत्तर आले: निर्णय अंतिम आहे. मी पुन्हा लिहिले, की निर्णय अंतिम असू द्या, पण आरोप काय तो सांगा. पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामाचाही फरक नाही. तिसऱ्यांदाही तेच. मग मी तर्क लढवीत बसलो. आज बीडहून, उद्या बेळगावहून खेळते म्हणून संशय आला असेल काय? एका यंत्रावर चार खाती दिसली म्हणून? पुस्तकातल्या पहिल्या बारा चाली तिला तोंडपाठ आहेत, त्या यंत्राच्या चालींशी जुळल्या म्हणून? ह्यांतले काहीही असेल, किंवा काहीच नसेल. आरोपीने आपल्यावरचा आरोप कोड्यासारखा ओळखावयाचा, असा हा कारभार. तिची आई मला म्हणाली, "सर, पोरीनं चोरी केली असं लिव्हलंय का हो त्याच्यात?" मी काय सांगणार? लिहिले तेच होते, फक्त सभ्य शब्दांत.

ही मुलगी निर्दोष आहे हे मी सांगतो म्हणून माना, असे मी म्हणत नाही. मी तिचा शिक्षक. माझे मन तिच्याकडे झुकणारच. मी म्हणतो, डाव दाखवा, चाल दाखवा, तिला समोर बसवून विचारा की बाई, ही चाल तू का केलीस? जिने चाल स्वतः शोधली, ती कारण सांगेल. जिने चोरली, ती अडखळेल. आमच्या गावच्या चावडीवरही शेळी चोरल्याचा आरोप असला, तर कोणती शेळी आणि कुणाची, एवढे तरी सांगतात!

कुणी म्हणेल, पद्धत उघड केली तर चोर सावध होतील. हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि ते अर्धे खरे आहे. पोलीसही आपले खबरी सांगत नाहीत. पण म्हणून ते आरोपपत्र द्यावयाचे थांबतात काय? पद्धत झाकून ठेवा. आरोप झाकू नका. १९७७ साली सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला, आणि कारण विचारले तेव्हा सार्वजनिक हितासाठी कारण देत नाही असे कळविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात जे सांगितले ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, आणि ज्याचे नुकसान करावयाचे त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. जे बंधन भारत सरकारला पाळावे लागते, ते मोबाइलवरच्या खेळाच्या कंपनीला जड व्हावे, हे आश्चर्य नव्हे काय?

लगेच दुसरा कुणी उठेल आणि म्हणेल, अहो, सरकार ते सरकार आणि खाजगी कंपनी ती खाजगी कंपनी. तिच्या अंगणात खेळावयाचे तर तिच्या अटी. नसतील पटत तर जाऊ नका. ठीक आहे. एखाद्याने आपल्या वावरात विहीर खणली, तर ती त्याची. हे मला मान्य आहे. पण साऱ्या गावाचे पाणी त्याच विहिरीवर आले, शाळेचा हंडा, दवाखान्याचा हंडा तिथेच भरू लागला, आणि मालकाने ह्या गर्दीवर नावही कमावले आणि पैसाही, तर त्यानंतर कुणाचा पोहरा का अडविला हे विचारण्याचा गावाला अधिकार नाही काय? २०२० साली महामारीत खुद्द फिडेने आपले ऑलिंपियाड अशाच एका खाजगी संकेतस्थळावर भरविले. राष्ट्रांची पदके ज्या पटावर ठरतात, तो पट केवळ खाजगी अंगण राहत नाही.

बरे, हा कडक पंच सर्वांशी सारखाच कडक आहे, असे तरी दिसावे! १३ जून २०२१ रोजी विश्वनाथन आनंद ह्यांनी कोविडपीडितांच्या मदतीसाठी काही नामवंतांशी डाव खेळले. त्यांत निखिल कामत हे बडे उद्योजक होते आणि त्यांनी आनंदना हरविले. पाच वेळच्या जगज्जेत्याला हरविले! दुसऱ्या दिवशी कामतांनी स्वतःच जाहीर केले, की आपल्याला जाणकारांची आणि संगणकाची मदत होती. कबुली दिली हे चांगलेच केले. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते बंद केले. आणि थोड्याच दिवसांत उघडलेही. डाव दर्जाच्या आकड्यासाठी नव्हता, आनंदनाही प्रकरण वाढवावयाचे नाही, असे कारण दिले गेले. कारणे वाईट नाहीत. मी तर म्हणतो चांगली आहेत. पण पाहा हं: इथे कारण दिले गेले! इथे प्रतिस्पर्ध्याचे मत विचारात घेतले गेले! इथे डावाचे स्वरूप पाहिले गेले! म्हणजे हे सगळे करता येते. ज्यांच्या नावाची वर्तमानपत्रात बातमी होते त्यांच्यासाठी करता येते. कोपीतल्या पोरीसाठी मात्र "निर्णय अंतिम आहे".

आता उलट टोकाचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस येथे सिंकफील्ड चषक स्पर्धेत मॅग्नस कार्लसन हा जगज्जेता हान्स नीमन ह्या एकोणीस वर्षांच्या पोराकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. आधी नुसता सूचक इशारा, मग उघड संशय. नीमनने पूर्वी, बाराव्या आणि सोळाव्या वर्षी, संगणकावरच्या डावांत लबाडी केल्याचे कबूल केले होते. ऑक्टोबरमध्ये चेस डॉट कॉमने ७२ पानांचा अहवाल काढला आणि शंभराहून अधिक डावांत त्याने बहुधा लबाडी केली असावी, असे म्हटले. पण समोरासमोरच्या पटावर त्याने फसविल्याचा ठोस पुरावा पुढे आला नाही. नीमनने दहा कोटी डॉलरचा दावा लावला. तो जून २०२३ मध्ये फेटाळला गेला, ऑगस्टमध्ये तडजोड झाली, आणि त्याचे खाते पुन्हा उघडले. डिसेंबर २०२३ मध्ये फिडेच्या आचारसमितीने सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला दहा हजार युरो दंड केला. बेजबाबदार आरोपाच्या ठपक्यातून मात्र त्याला मोकळे केले.

ह्या प्रकरणात नीमन साव की कार्लसन शहाणा, हा माझा विषय नाही. माझा विषय असा, की ज्याच्यापाशी वकील होते त्याच्यासाठी ७२ पाने लिहिली गेली. दोन ओळी आणि ७२ पाने! ह्या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते अपराधाचे नव्हे, ऐपतीचे आहे.

आणि आता त्या ऑलिंपियाडकडे येतो. कारण त्यात आपल्या महाराष्ट्राची माणसे होती, आणि त्यात आपल्याला सुवर्णपदक मिळाले असल्यामुळे बोलावयास कुणी धजत नाही. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, अवघी चौदा वर्षांची. उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली. आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानची जोडणी तुटली, घड्याळ चालत राहिले आणि निहाल सरीनविरुद्धचा डाव तो वेळेवर हरला. आर्मेनियाने अपील केले, बिघाड आमच्याकडचा नाही असे सांगितले. अपील फेटाळले गेले. आर्मेनियाने निषेध म्हणून स्पर्धाच सोडली आणि भारत पुढे गेला.

३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिला सामना ३-३ असा बरोबरीत. दुसऱ्या सामन्यात निहाल सरीन आणि दिव्या देशमुख ह्यांची जोडणी तुटली, दोघेही वेळेवर हरले आणि रशियाने ४.५-१.५ असा सामना घेतला. त्या दिवशी अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक कंपनीच्या जाळ्यात मोठा बिघाड होऊन जगभर खोळंबा झाला होता. आता अपील भारताने केले. अपील समितीत एकमत झाले नाही, तेव्हा फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच ह्यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केले.

मला आनंद झाला काय? अर्थातच झाला. नागपूरच्या चौदा वर्षांच्या पोरीने तार तुटली म्हणून हरावे, हे मला कधीच पटले नसते. पण मग आर्मेनियाच्या पोराने तरी तार तुटली म्हणून का हरावे? एकाच आठवड्यात, एकाच स्पर्धेत, एकाच पटावर दोन न्याय झाले. आणि दोहोंतला फरक कोणता? एक बिघाड साऱ्या जगाला कळला, दुसरा एका घरापुरता राहिला. इथेच माझ्या जिल्ह्याचे दुखणे आहे. आमच्या परळीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते. २०१३ साली ते केंद्र पाण्यावाचून बंद पडले होते, हेही आम्ही पाहिले. परळीपासून पंचवीसएक किलोमीटरवर आमची पोरे डाव रंगात आला असताना वीज जाऊन अंधारात बसतात. साऱ्या जगाची तार तुटली तर ती आपत्ती. बीड जिल्ह्यातल्या एका वाडीची तुटली तर तो खेळाडूचा निष्काळजीपणा! ज्याच्या घरी इन्व्हर्टर आणि दोन दोन जोडण्या, त्याचा वजीर जास्त बलवान असतो, असे मग पोरांना शिकवावयाचे काय?

ह्यावर उपाय बुद्धिबळाच्याच जुन्या रीतीत आहे. पूर्वी लांबलेला डाव तहकूब होत असे. खेळाडू आपली पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी आणि पंचाच्या स्वाधीन करी. दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडून डाव पुढे चाले. रात्रीत संगणकाला विचारता येऊ लागले म्हणून ही रीत गेली, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम तार उपटून कुणी यंत्राचा सल्ला घेईल, हीही भीती खोटी नाही. म्हणून सवलत एकदाच द्या, काही मिनिटांचीच द्या, पंचाच्या तपासणीला बांधून द्या. पण नियम असा करा की तार तुटली तर डाव थांबेल, मोडणार नाही; आणि तो स्पर्धेआधी लिहून ठेवा, म्हणजे अध्यक्षांना ऐनवेळी उदार व्हावे लागणार नाही.

न्याय मागितल्याने मिळतो, पण त्यासाठी मागावयास दार असावे लागते. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! मुलगी पुरुषांत खेळते म्हणजे काय? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे ह्यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. जरा विचार करा. तेरा वर्षांच्या मुलीला अडविणारे कोण हे माहीत होते. ते कोणत्या कारणाने अडवितात हे माहीत होते. दाद कुठे मागावयाची हे माहीत होते. निकाल देणाऱ्याला नाव होते, चेहरा होता. म्हणून ती जिंकली. आज तिच्यासारख्या मुलीला कुणी अडविले, तर अडविणारा असतो एक निरोप, त्याखाली सही असते "आपला सेवक चमू" अशी, आणि कारण असते गुप्त.

आमचे कायदे ह्या बाबतीत अगदीच आंधळे आहेत असे नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावयास लावले. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल, अशी मुदत घातली. जानेवारी २०२३ मध्ये त्यावरच्या अपील समित्याही नेमल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. त्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली, ई-क्रीडेला मान्यता दिली आणि एका प्राधिकरणाची तरतूद केली. पैसे लावून खेळण्याने घरे बुडत होती; तेव्हा बंदीची बाजू मला समजते. पण पैसा नसलेल्या खेळातही काही पणाला लागते: पोराचा आकडा, त्याची दोन वर्षे आणि त्याची अब्रू. ती मोजण्याचे माप सरकारने अजून घडविलेले नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या फार नाहीत. पहिली: खाते बंद करताना निदान एक डाव आणि त्यातल्या संशयाच्या चाली दाखवाव्या. दुसरी: उत्तर देण्याची संधी आधी द्यावी, आणि ते उत्तर मराठीत दिले तर चालावे, ज्या भाषेत पोर जाहिरात पाहून आत आले त्या भाषेत त्याला बाहेर येताना बोलता यावे. तिसरी: अपील दुसऱ्या माणसाने ऐकावे, यंत्राने नव्हे, आणि पहिल्याच माणसाने तर नव्हेच. चौथी: तार तुटण्याचा नियम सर्वांना सारखा आणि आधी छापलेला असावा. पाचवी: जाहीर संशय घेणाऱ्याने, मग तो जगज्जेता का असेना, पुरावा द्यावा किंवा गप्प बसावे. आणि सहावी, आपल्या घरची: शाळांच्या आणि जिल्ह्यांच्या स्पर्धा अशा संकेतस्थळांवर भरविणाऱ्या आपल्याच संघटनांनी ह्या अटी मान्य करणाऱ्या संकेतस्थळावरच स्पर्धा भरवाव्या. कंपनीला बीडच्या एका पोराची पर्वा नसेल. साऱ्या महाराष्ट्राच्या स्पर्धांची असेल.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो आपल्या दिवाणखान्यातूनच येतो. "खेळ तो खेळ! एवढा त्रागा कशाला?" अशा थोर मंडळींना मी महाभारताची आठवण देतो. तोही खेळच होता. शकुनी कपटी होता हे खरे; पण त्या दिवशीचे सगळ्यांत मोठे पाप शकुनीचे होते असे मला वाटत नाही. द्रौपदीने भर सभेत एक साधा, नियमाचा प्रश्न विचारला: राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? तिने दया मागितली नव्हती, निर्णय मागितला होता. आणि सभेतले बहुतेक जाणते, भीष्मद्रोणांसह, धर्म सूक्ष्म आहे म्हणून किंवा काहीच न म्हणता माना खाली घालून बसले. कौरवांतला एकटा विकर्ण बोलला, आणि त्याला लहान म्हणून गप्प बसविले. खेळात दिलेले न दिलेले उत्तर पुढे कुठवर गेले, ते आपण जाणतो.

मुले जगाचा न्याय पहिल्यांदा शिकतात ती न्यायालयात नव्हे, खेळात. सोंगटी कुणी मारली, पाऊल रेषेबाहेर पडले की नाही, आऊट की नॉटआऊट, ह्या भांडणांतच त्यांना कळते की नियम म्हणजे काय आणि तो सर्वांना सारखा असतो म्हणजे काय. ज्या पिढीला खेळातच शिकविले गेले की वरचा निर्णय कारणाशिवाय येतो आणि त्यापुढे बोलावयाचे नसते, ती पिढी उद्या कचेरीत, कारखान्यात, मतदानाच्या रांगेत तरी का बोलेल? म्हणून ह्या प्रश्नाला मी क्षुल्लक मानावयास तयार नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी समोरासमोरच्या पटावर सुवर्णपदके घेतली. त्यांत विदित होता, दिव्या होती. जुलै २०२५ मध्ये तीच दिव्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. ह्या विजयांवर कुणाच्या तारेची किंवा कुणाच्या उदारपणाची सावली नाही. माझ्या जिल्ह्यातल्या पोरांनाही तसाच निर्मळ डाव मिळावा, जिंकले तर निर्मळ आणि हरले तरी निर्मळ, एवढेच मला हवे आहे.

ह्या पाडव्याला वाचकांनी घरी जरूर पट मांडावा. आणि घरातले एखादे पोर रडवेले होऊन सांगत आले की "माझे खाते बंद केले, मी काही केले नाही", तर "बरे झाले, आता अभ्यास कर" असे म्हणून त्याला वाटेला लावू नये. चुकले असेल तर कान धरावा. पण आधी त्याच्या शेजारी बसून त्या कंपनीला एक पत्र लिहावे, आणि त्यात एकच प्रश्न विचारावा: आरोप काय आहे?